सूत्रधार आणि पात्रांचे अपराध

ज्या वाचकांस या खेळाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द सांगणें अवश्य आहे. चार-पांच मुलें एका मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येकानें एकेक पात्र घेतलेलें असतें. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक जण मात्र असें एखादें पात्र न घेतां त्या काल्पनिक जगाचें वर्णन करतो, वाटेंत भेटणाऱ्या प्रत्येकाच्या मुखानें बोलतो, आणि एखाद्या कृत्याचा परिणाम अनिश्चित असेल तेथें फांसे टाकावयास लावतो. इंग्रजींत यास गेम मास्टर म्हणतात. आपल्या रंगभूमीवरील सूत्रधार हा शब्द त्यास चांगला शोभतो. या जातीचा पहिला प्रसिद्ध खेळ, डंजन्स अँड ड्रॅगन्स, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांच्या नांवानें १९७४ सालीं निघाला, आणि आतां आपल्याकडील मुलेंही तो खेळतात.

आतां प्रश्न असा. शूर म्हणून निघालेलीं हीं पात्रें एका गॉब्लिनास जिवंत पकडतात. (गॉब्लिन म्हणजे या खेळांतील एक ठेंगू, कुरूप व बहुधा शत्रुपक्षाचा प्राणी.) “वाट दाखीव, म्हणजे तुला सोडून देतों,” असें ते त्यास वचन देतात. तो वाट दाखवितो. मग योद्ध्याचें पात्र घेतलेला मुलगा सहज म्हणतो, “मी त्याचा गळा कापतों.” ज्यानें हा खेळ कांहीं दिवस चालविला आहे त्याच्यापुढें असा प्रसंग बहुधा आलाच असेल. सूत्रधारानें काय करावें?

पहिलें उत्तर शिक्षेचें आहे, आणि त्यास ग्रंथाधारही आहे. मूळ खेळांत पात्रांचे तीनच पक्ष होते: नियमाचा, अराजकाचा व तटस्थ. पुढें थोड्याच वर्षांत चांगलें व वाईट हा दुसरा भेद त्यांत मिळविला जाऊन नऊ कप्पे झाले. प्रत्येक पात्रानें आपला कप्पा निवडावा, सूत्रधारानें त्याच्या वर्तनाची नोंद ठेवावी, आणि पात्र कप्पा सोडून घसरलें तर त्याची एक पायरी कमी करावी, असा १९७९ च्या मार्गदर्शक ग्रंथाचा नियम होता. पॅलाडिन नांवाच्या धर्मवीरानें जाणूनबुजून दुष्कृत्य केलें तर त्याचें पद कायमचें जाई. वर्तनाचे गुण देण्याची जबाबदारी ज्या शिक्षकांवर पडली आहे त्यांस ही पद्धत ओळखीची वाटेल, आणि तिचें वैगुण्यही. मुलाचें लक्ष गॉब्लिनावरून उडून कोष्टकावर जातें. शत्रूस दिलेलें वचन नियमांत बसतें कीं नाहीं, यावर अर्धा तास वकिली चालते, आणि मेलेला बंदिवान तसाच पडून राहतो. अलीकडच्या आवृत्त्यांतून, विशेषतः २०१४ च्या आवृत्तींतून, या शिक्षा बहुतेक नाहींशा झाल्या. मला त्याचें दुःख नाहीं.

त्याच १९७९ च्या ग्रंथांत आणखी एक उपाय आहे. जो खेळाडू मेजावर त्रास देतो त्याच्या पात्राच्या मस्तकावर आकाशांतून निळी वीज पाडावी! हें अर्धें थट्टेनें लिहिलें असेल. परंतु त्यांत एक घोटाळा आहे, आणि तो आजही पुष्कळ सूत्रधार करतात. अपराध मुलाचा, आणि दंड पात्रास. एखादा मुलगा सोबत्याची टर उडवीत असेल, किंवा मुद्दाम मित्राच्याच पात्राची थैली चोरून त्याचा खेळ नासवीत असेल, तर खेळ थांबवून त्या मुलाशींच बोललें पाहिजे. “मी काय करूं? माझें पात्रच तसें आहे,” हें उत्तर ऐकून घेऊं नये. तें पात्र निर्माण कोणी केलें?

याच्या उलट टोंकाची चूकही झालेली आहे. अमेरिकेंत १९८३ सालीं, मुलाच्या आत्महत्येनें व्याकुळ झालेल्या एका मातेनें या खेळाविरुद्ध संस्था काढली, आणि अनेक ख्रिस्ती मंडळ्यांनींही तिच्या सुरांत सूर मिळविला. त्या मातेच्या दुःखाविषयीं कोणासही आदरच वाटेल. तथापि खेळामुळें मुलें पापाकडे किंवा मृत्यूकडे वळतात, या आरोपास पुरावा मिळाला नाहीं. खेळांत खून करणारा मुलगा खुनी होत नाहीं. नाटकांत कंसाचें काम करणाराही होत नाहीं. पण म्हणून “खेळच तो” म्हणून हात झटकणेंही मला पटत नाहीं. मुलगा मेजावर जें करतो तें खरें नसतें. तें करतांना त्यास जें सुचतें व जें सुचत नाहीं, तें मात्र त्याचें स्वतःचें असतें.

मला विचाराल तर सूत्रधारानें प्रथम फांसे खालीं ठेवावे आणि बोलावें. “त्याचे हात बांधलेले आहेत. तूं दिलेलें वचन त्यास आठवतें. तो तुझ्या तोंडाकडे पाहत आहे. तरी तूं हें करतोस काय?” कित्येकदां मुलगा तेथेंच थांबतो; कारण त्यानें बंदिवान पाहिलेलाच नसतो, शत्रू मारल्याबद्दल मिळणारे अनुभवाचे गुण तेवढे पाहिलेले असतात. येथें सूत्रधारानें स्वतःकडेही पाहावें. मारल्याचे गुण ज्यानें द्यावयाचे त्यानेंच मारल्याबद्दल रागें भरावें, हें चमत्कारिक आहे. वाट कळली त्याच क्षणीं पूर्ण गुण देऊन टाकावे, म्हणजे सुरी काढण्याचें प्रयोजन उरत नाहीं.

तरीही तो “होय” म्हणाला, तर कृत्य घडूं द्यावें. तें पुसूं नये. मग जगास स्मरणशक्ति असावी. झुडपाआडून दुसऱ्या गॉब्लिननें तें पाहिलेलें असेल, तर त्यापुढें कोणी शरण येणार नाहीं. प्रत्येक जण मरेपर्यंत लढेल. गांवचा पाटील काम देईल, पण रात्रीं दाराला अडसर घालील. मात्र दर वेळीं सूड उभा करूं नये. प्रत्येक अपराध उघडकीस आणणारा सूत्रधार हाही त्या निळ्या विजेचाच भाऊ. कांहीं कृत्यें कोणासच कळत नाहींत. सोबत्यांस मात्र तीं ठाऊक असतात.

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ सालच्या पेंड्रॅगन या खेळांत, जो आर्थर राजाच्या सरदारांचा आहे, मला एक फार शहाणा नियम दिसतो. प्रत्येक सरदाराच्या स्वभावाच्या तेरा जोड्या कागदावर असतात. दया व क्रौर्य ही त्यांतील एक. दोहोंची बेरीज नेहमीं वीस. एक वाढलें कीं दुसरें घटतें. क्रूर कृत्य केलें कीं क्रौर्याचा आंकडा वाढण्याचा संभव उत्पन्न होतो, आणि तो फार वाढला म्हणजे ऐन प्रसंगीं काय करावयाचें हें खेळाडूच्या इच्छेवर राहत नाहीं, फांसा सांगतो. येथें वीज पडत नाहीं; संवय जडते, इतकेंच.

कांहीं गोष्टी, उदाहरणार्थ बंदिवानाचा छळ, मुलांच्या मेजावर मुळींच नकोत. तें खेळ सुरू होण्यापूर्वींच सर्वांनीं मिळून ठरवावें. कित्येक ठिकाणीं मेजाच्या मध्यभागीं फुलीचें चिन्ह असलेला एक पत्ता ठेवतात. कोणीही त्यास बोट लावलें कीं तो प्रसंग गाळून पुढें जावयाचें, आणि कारण विचारावयाचें नाहीं. ही युक्ति जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांची. साधी आणि चांगली आहे.

राहतां राहिली परतीची वाट. समजा, चार बैठकींनंतर तोच मुलगा म्हणाला, “त्या गॉब्लिनच्या घरचीं माणसें असतील ना? मी माझ्या वांट्याचें सोनें घेऊन तेथें जातों.” त्यास जाऊं द्यावें. दाराशीं त्याची म्हातारी आई असेल. या ठिकाणीं फांसे टाकूं नयेत. ती तें सोनें ठेवून घेईल, किंवा त्याच्या पायांशीं फेकील; कोणतें तें सूत्रधारानें घटकाभर तिच्या जागीं बसून ठरवावें. आणि तिनें फेकलें, तर “आतां तूं काय करतोस?” एवढेंच विचारून गप्प राहावें.