एकच टी-शर्ट छापताना

ऑनलाइन ‘प्रिंट ऑन डिमांड’ सेवेत टी-शर्ट आधी विकला जातो आणि मग छापला जातो. विक्रेता आपले डिझाइन सेवेच्या संकेतस्थळावर चढवतो. ग्राहक रंग आणि साइज निवडून पैसे भरतो, ऑर्डर छपाई करणाऱ्या कंपनीकडे जाते आणि तयार माल विक्रेत्याच्या नावाने थेट ग्राहकाच्या घरी पोचतो. अमेरिकेत कॅफेप्रेसने 1999 मध्ये हा मार्ग धरला, 2013 मध्ये प्रिंटफुल आले. भारतात चेन्नईचे प्रिंट्रोव्ह आणि तिरुपूरचे क्विकिंक ही या धंद्यातली परिचित नावे आहेत. तिरुपूर ही होजिअरीची पेठच असल्याने कोरा माल तिथे हाताशी असतो.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एक नग छापणे कधीच परवडले नाही. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम, तिचे कोटिंग, एक्स्पोजिंग आणि रंगावर रंग बसवण्याची जुळणी हे सगळे एका नगासाठीही तेवढेच आणि पाचशे नगांसाठीही तेवढेच. डिजिटल छपाईत ही पूर्वतयारीच राहिली नाही, म्हणून एका नगाची ऑर्डर घेता येऊ लागली. मात्र नग वाढले तरी डिजिटल छपाईचा दर नगामागे फारसा उतरत नाही. गणेश मंडळाचे किंवा ढोल-ताशा पथकाचे एकरंगी शंभर टी-शर्ट आजही फ्रेमवरच स्वस्त आणि टिकाऊ पडतात. असे काम ऑनलाइन सेवेकडे पाठवणे म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणे.

या सेवा मुख्यतः दोन पद्धतींनी छापतात. डीटीजीमध्ये पाण्यावर आधारलेली शाई इंकजेटप्रमाणे थेट कापडावर पडते. गडद कापडावर आधी प्रीट्रीटमेंटचे द्रावण फवारून ते प्रेसखाली वाळवतात, मग पांढरा थर आणि त्यावर रंग. नव्या काळ्या टी-शर्टवर छपाईभोवती दिसणारा चौकोनी डाग आणि किंचित आंबूस वास या द्रावणाचा असतो. पहिल्या धुण्यात दोन्ही बहुधा जातात, पण आधी सांगितले नाही तर ग्राहक माल परत करतो. डीटीएफमध्ये डिझाइन फिल्मवर छापून त्यावर गोंदाची पावडर पसरतात, ती वितळवतात आणि हीट प्रेसने सगळा थर कापडावर उतरवतात. ही पद्धत सुतीवर चालते तशी पॉलिएस्टरवरही चालते आणि रंग ठसठशीत येतात. दोष असा, की छातीभर सलग रंग दिला तर तिथे प्लास्टिकचा पत्रा लावल्यासारखे होते, हवा खेळत नाही आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो टी-शर्ट कपाटातच राहतो. डीटीएफसाठी डिझाइन करताना मधे मधे कापड मोकळे सोडावे. विरत जाणाऱ्या सावल्या आणि केसासारख्या रेषा टाळाव्यात.

यंत्र दुसऱ्याकडे गेले तरी छपाईची जबाबदारी विक्रेत्याकडेच राहते, आणि ती आता जवळजवळ पूर्णपणे फाइलमध्ये आहे. फ्रेमवर छापणारा कारागीर चूक दिसली की स्क्वीजी थांबवतो. या सेवांमध्ये फाइल बहुतेक वेळा कोणीही न वाचता छापली जाते, आणि तिरुपूर-चेन्नईत मराठी वाचणारा माणूस यंत्रापाशी असेल असे धरून चालता येत नाही.

मराठी मजकुराचा धोका इथेच आहे. अनेक संकेतस्थळांच्या डिझाइन खिडकीत देवनागरीची जुळणी नीट होत नाही. ‘शिव’ टंकलेला असताना वेलांटी पुढे सरकून ‘शवि’ वाचले जाते, ‘महाराष्ट्र’मधले ष, ट आणि र सुटे होऊन अक्षरांचे पाय मोडतात. म्हणून मराठी मजकूर संकेतस्थळावर कधीही टंकू नये. कोरलड्रॉ किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये तो बसवावा, कर्व्ह करावा आणि मगच पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल काढावी. 12 बाय 16 इंचांच्या छपाईला 300 डीपीआयने ही फाइल 3600 बाय 4800 पिक्सेलची होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेला लोगो ताणून या मापाचा करणे निरुपयोगी आहे. तो डॉक्युमेंट म्हणून, शक्यतो मूळ व्हेक्टर फाइलच्या रूपात मागवावा. डीटीएफमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. अनुस्वाराचे टिंब सुटे आणि लहान असते, त्याच्याखाली गोंद कमी असतो आणि धुण्यात ते आधी निघते. अशा ठिकाणी जाड वळणाचा फॉन्ट घ्यावा किंवा टिंब मुद्दाम मोठे करावे. पडद्यावर झळाळणारे निऑन रंगही कापडावर तसे उतरत नाहीत. मॉकअपमधला रंग ग्राहकाला वचन म्हणून दाखवू नये.

हिशेबात सर्वांत मोठी गळती कॅश ऑन डिलिव्हरीची आहे. समजा टी-शर्ट, छपाई आणि कुरिअर मिळून 400 रुपये पडतात आणि विक्री 599 रुपयांना होते. दहाही ऑर्डर स्वीकारल्या गेल्या तर 1990 रुपये सुटतात. त्यातल्या दोन परत आल्या आणि परतीचे भाडे प्रत्येकी 70 रुपये पडले, तर हातात 652 रुपये उरतात. कर आणि जाहिरात अजून वजा व्हायची आहे. नाव घालून छापलेला परतीचा टी-शर्ट दुसऱ्याला विकताही येत नाही. त्यामुळे नाव घातलेल्या मालाचे पैसे आगाऊच घ्यावेत. जीएसटीचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यांना 5 टक्के आहे. स्वतःच्या संकेतस्थळावरून राज्याबाहेर माल पाठवणाऱ्याला उलाढाल लहान असली तरी नोंदणी सुटत नाही.

हक्कांच्या बाबतीत या धंद्यात मोठी बेफिकिरी आहे. सेवांच्या अटी वाचल्या तर डिझाइनची कायदेशीर जबाबदारी ते चढवणाऱ्यावर टाकलेली आढळते. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे कॉपीराइट टिकतो. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या ओळी परवानगीशिवाय छापण्याची मुभा 2059 संपेपर्यंत नाही. तुकोबांचा अभंग छापायला हरकत नाही, पण आजच्या सुलेखनकाराने लिहिलेले त्याचे वळण उचलणे ही चोरीच आहे. सिनेमाची शीर्षकचित्रे आणि क्रिकेट संघांची चिन्हे यांनाही हात लावू नये.

नवे डिझाइन विक्रीला ठेवण्याआधी एक पांढरा आणि एक काळा नग स्वतःच्या पैशाने मागवावा. कापडाचे जीएसएम, शिवण, बाह्यांची मापे आणि छपाईची जागा प्रत्यक्ष पाहावी. मग तो टी-शर्ट उलटा करून चार-पाच वेळा धुवावा आणि अंगात घालून दिवसभर वावरावे. सेवा बदलली किंवा कोऱ्या मालाचा ब्रँड बदलला, तर हे सगळे पुन्हा करावे. ज्या स्क्रीन प्रिंटरांची फ्रेमवरची कामे कमी झाली आहेत, त्यांनी या सेवांना केवळ प्रतिस्पर्धी मानू नये. शाई, कापड आणि मराठी अक्षर यांची त्यांना जी जाण आहे, ती घरी बसून दुकान चालवणाऱ्या बहुतेक नव्या विक्रेत्यांकडे नाही. फाइल तयार करून देणे आणि नमुना तपासून देणे ही कामे त्यांनी दर ठरवून उघडपणे घ्यावीत.