टेबलावरचा पारा

या महिन्यात एक काम करा. दवाखान्यातले पाऱ्याचे बीपी यंत्र उघडा आणि कफ न फुगवता पारा नळीत कुठे उभा आहे ते बघा. बरोबर शून्यावर असेल तर ठीक. दोन-तीन मिलिमीटर खाली असेल, तर तेवढा पारा यंत्रातून बाहेर गेलेला आहे. टाकी नळीपेक्षा कितीतरी रुंद असते, त्यामुळे नळीतल्या दोन मिलिमीटरमागे टाकीतूनही तेवढीच पातळी उतरलेली असते आणि हिशेब सहज काही ग्रॅमवर जातो. हा पारा कुणी चोरून नेलेला नाही. पेटी बंद करण्याआधी टाकीची कळ फिरवायची राहिली, नळीच्या डोक्यावरची चकती झिजली, व्हिजिटला जाताना पेटी मोटारसायकलच्या डिकीत आडवी पडली, आणि तो थेंबाथेंबाने पेटीच्या अस्तरात, टेबलाच्या फटीत, शहाबादी फरशीच्या सांध्यात गेला. तो अजूनही तिथेच आहे.

आपल्या तालुक्यात हे जास्त गांभीर्याने घ्यायला हवे, कारण आपला उन्हाळा. २० अंश सेल्सियसला बंद जागेतल्या हवेत पाऱ्याची जेवढी वाफ मावते, तिच्या चौपटीहून अधिक वाफ ४० अंशांना मावते. वैजापूरच्या बाजारपेठेतला शटरचा गाळा डोळ्यांसमोर आणा: दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा घनमीटरला २५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे या सबंध खोलीत एक मिलिग्रॅमही वाफ साठण्याआधीच ती ओलांडली जाते. एका थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो, बीपी यंत्रात साधारण ८० ते १०० ग्रॅम. मे महिन्यात दुपारी शटर ओढून आपण जेवायला घरी जातो, संध्याकाळी ते वर सरकवून पहिला झाडू मारतात त्या मावशी. दिवसभर त्याच हवेत बसतो तो कंपाउंडर. हात थरथरणे, चिडचिड, झोप उडणे, हिरड्या सुजणे, लघवीतून प्रथिने जाणे ही लक्षणे घेऊन ते आपल्याकडेच येतील, आणि आपण बी-कॉम्प्लेक्स लिहून देऊ.

इथे एक उलटा समज रुजलेला आहे. मुलाने थर्मामीटर चावून पारा गिळला की घर हादरते आणि आपणही धावपळ करतो. पण धातूरूपातला पारा धडधाकट आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही, बहुतांशी जसाच्या तसा शौचावाटे बाहेर पडतो. काचेच्या तुकड्याची काळजी त्याहून मोठी. उलट श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के फुप्फुसातून रक्तात उतरते. म्हणजे गिळलेल्यापेक्षा खाटेखाली सांडलेला पारा घातक, आणि त्याच्याकडे कुणी वाकूनही बघत नाही.

सांडलाच तर झाडू नको: एका मण्याचे शंभर मणी होतात आणि वाफेला पृष्ठभाग मिळतो. व्हॅक्युम क्लीनर तर नकोच. गरोदर बाई आणि मुले आधी बाहेर काढा, खिडक्या उघडा, हातातली अंगठी काढून ठेवा (सोन्याला पारा लगेच धरतो), दोन जाड कागदांनी मणी एकत्र ढकला, सुईविना सिरिंजने ओढून घ्या, बारीक कण चिकटपट्टीने उचला. सगळे घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत, वर थोडे पाणी. आयुर्वेदाच्या मित्रांना उरलेल्या कणांवर गंधक भुरभुरण्याची शिफारस ओळखीची वाटेल, कारण पारा आणि गंधक मिळून काय होते हे ते रसशास्त्रात शिकले आहेत. पण खलात तासन्‌तास घोटल्याशिवाय कज्जली सिद्ध होत नाही, हेही त्यांनाच सर्वांत चांगले ठाऊक आहे. गंधक टाकून आधी उचलायचा पारा फरशीवर सोडून देऊ नका.

आता खरा प्रश्न: ही बाटली जाते कुठे? बायोमेडिकल कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत ती गेली तर थेट भट्टीत जाते आणि आपल्या खोलीतला पारा आपण धुराड्यावाटे सगळ्या गावावर सोडतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी पारा वेगळा काढून त्याच्यासाठीच्या नियमांनुसार विल्हेवाट लावायला सांगितले आहे, म्हणजे तो घातक कचरा म्हणूनच जायला हवा. महाराष्ट्रात अशा कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे सामायिक सुविधा आहेत. पण एकट्या डॉक्टरची शंभर ग्रॅमची बाटली न्यायला तिथून गाडी येणार नाही, आणि एसटीत पिशवीत घालून ती पाठवताही येणार नाही. म्हणून ती कपाटात पडून राहते. पुढे दवाखाना मुलाच्या हातात जातो, नूतनीकरण होते आणि पेटी भंगारात निघते.

भंगारात गेलेल्या पाऱ्याचे काय होते ते कोडाईकनालने दाखवले आहे. तिथल्या हिंदुस्तान लिव्हरच्या थर्मामीटर कारखान्यातली पारा लागलेली ७.४ टन काच २००१ मध्ये एका भंगारवाल्याच्या आवारात लोकांनी शोधून काढली आणि कारखाना बंद झाला. माजी कामगारांशी कंपनीची तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले. ५९१ कामगार होते ते. तिथे निदान बोट दाखवायला एक फाटक होते. आपला पारा शेकडो दवाखान्यांत शंभर-शंभर ग्रॅमने विखुरलेला आहे, तो भंगारात गेला तर कुणाला शोधूनही सापडणार नाही.

कायदा हे काम आपल्यासाठी करील असे कुणी समजू नये. मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ ला अमलात आला, भारताने जून २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, पाऱ्याच्या मापनसाधनांसाठी २०२५ पर्यंतची सवलतही घेतली. पण करार बंद करतो ते उत्पादन, आयात आणि निर्यात. तुमच्या टेबलावर आधीच असलेल्या यंत्राला तो हात लावत नाही. ते तुम्हालाच उचलावे लागेल. (दंतवैद्य मित्रांसाठी: नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात अमाल्गमसाठी २०३४ ही अखेरची मुदत ठरली आहे. अमाल्गमचे निम्मे वजन पाऱ्याचे असते, तेव्हा उरलेले कण बेसिनमध्ये सोडणे आजपासूनच थांबवा.)

‘पाऱ्यासारखे अचूक दुसरे नाही’ हा आक्षेप मी आदराने ऐकतो. १८९६ मध्ये रिव्हा-रोचीने हा स्तंभ दिला, १९०५ मध्ये कोरोटकॉफने त्याला कान दिले, आणि आजही आपण मिलिमीटर पारा हेच एकक लिहितो. पण शून्याखाली उतरलेला, काळपट नळीतला, चकती गच्च झालेला स्तंभ अचूक नसतो, तो फक्त ओळखीचा असतो. डायलचे अ‍ॅनेरॉइड यंत्र वापरा, मात्र दर सहा महिन्यांनी ते वाय जोडणीने प्रमाणित यंत्राशी ताडून बघा. काटा शून्यावर येतो म्हणून ते बरोबर असे नाही. डिजिटल घ्याल तर दंडाचे आणि क्लिनिकल पडताळणी झालेलेच घ्या. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये आणि गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबात साधे डिजिटल यंत्र चकवते. तिथे स्टेथोस्कोप कानाला लावण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी पारा लागत नाही.

काहींसाठी ही पेटी वडिलांची आहे. ती फेकवत नाही, आणि फेकूही नये. जुन्या दीपगृहांत हाच पेच मोठ्या मापाने आला होता. १८९० च्या सुमारास फ्रान्सच्या बूर्देल या अभियंत्याने दीपगृहाचे टनावारी वजनाचे भिंग पाऱ्याच्या कुंडात तरंगते ठेवण्याची युक्ती काढली. बोटाने ढकलले तरी ते फिरे. जगभर ती पसरली आणि राखणदार वर्षानुवर्षे त्या खोलीत वाफ घेत राहिले. आज ऑस्ट्रेलियासारखे देश तो पारा उपसून काढत आहेत आणि ऐतिहासिक भिंगे जपत आहेत. तुमच्या वडिलांची पेटीही काचेसह कपाटात शोभेल, आतला पारा मात्र जाणकाराकडून काढून घेतल्यावरच. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे ती देऊ नका. तो फडक्यातून पारा गाळतो आणि हात पँटला पुसतो.

आमची सूचना अशी. तालुक्यातल्या सगळ्या पॅथींच्या डॉक्टरांनी, दंतवैद्यांनी आणि लॅबवाल्यांनी आपापला पारा एकाच दिवशी, एकाच ठिकाणी जमा करावा. उपजिल्हा रुग्णालयाला जागेची विनंती करावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर कार्यालयाकडे एकत्रित वाहतुकीची मागणी करावी. पाच-दहा किलोंचा एक साठा असेल तर गाडी मागता येते. त्यासाठी आधी आकडा हवा. बीपी यंत्रे किती, थर्मामीटर किती, बाटलीत सुटा पारा किती, एवढ्या तीन ओळी या महिनाअखेरपर्यंत संपादकीय पत्त्यावर पाठवा. कुणाचेही नाव छापणार नाही. एकत्रित यादी पुढच्या अंकात देऊ आणि त्याच यादीसह मंडळाकडे अर्ज करू. तोवर यंत्र कळ बंद करून, उभे, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आणि उन्हापासून दूर ठेवा.