विश्लेषण : पायथन शिकायचे? सुरुवात मंडळाच्या वर्गणीपासून करा!

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोल्हापुरात क्लासच्या फलकांचा हंगाम सुरू होतो. मंगळवार पेठेतल्या एखाद्या घरात मुलाच्या पुढच्या शिक्षणाची चर्चा निघाली, की ‘पायथन’, ‘एआय’, ‘फुल स्टॅक’ हे शब्द आता हमखास कानावर येतात. त्यांचा अर्थ आई-वडिलांना पुरता उमगलेला नसतो आणि अनेकदा मुलालाही नसतो. तरीही फी भरली जाते, कारण ‘पुण्यात नोकरी मिळेल’ ही आशा असते. दुसरीकडे, ‘आता एआयच प्रोग्राम लिहिते, मग शिकायचे कशाला?’ असे विचारणारेही वाढले आहेत. पायथनची मूलतत्त्वे कोणती, ती स्मार्टफोनवर शिकता येतात का आणि एआयच्या काळात त्यांची गरज उरली आहे का, याचा हा आढावा.

पायथन म्हणजे नेमके काय?

संगणकाला सूचना देण्याची ती एक भाषा आहे. नेदरलँड्सच्या गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत तिचे काम हाती घेतले आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये पहिली आवृत्ती खुली केली. नाव अजगरावरून घेतलेले नाही, तर ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून आले आहे. भाषा मोफत आहे आणि तिची वाक्ये इतर अनेक भाषांच्या तुलनेत सुटसुटीत असतात. त्यामुळे शाळेपासून संशोधन संस्थांपर्यंत, हिशेबापासून एआयपर्यंत ती वापरली जाते.

एमएस-सीआयटीने महाराष्ट्रातल्या एका पिढीला संगणक वापरायला शिकवले. प्रोग्रामिंग ही त्याच्या पुढची पायरी. येथे दुसऱ्याने बनवलेले अॅप वापरायचे नसते, तर काम कसे करायचे हे आपणच संगणकाला पायरी-पायरीने सांगायचे असते.

मूलतत्त्वे किती आणि कोणती?

सुरुवातीला पाच गोष्टी पुरतात : चल, यादी, अट, आवर्तन आणि फंक्शन. पेठेतल्या कोणालाही परिचित असलेले उदाहरण घेऊ. तालीम मंडळाची गणेशोत्सवाची वर्गणी जमा झाली आहे. चौघांनी ५०१, २५१, ५०० आणि १००१ रुपये दिले. एकूण किती, हे संगणकाला असे सांगता येईल :

वर्गणी = [५०१, २५१, ५००, १००१]
एकूण = ०
फॉर रक्कम इन वर्गणी:
    एकूण = एकूण + रक्कम
प्रिंट(एकूण)

(वाचायला सोपे जावे म्हणून येथे सगळे देवनागरीत दिले आहे. प्रत्यक्षात ‘फॉर’, ‘इन’, ‘प्रिंट’ हे शब्द इंग्रजीत, लहान लिपीतच टाइप करावे लागतात आणि आकडेही इंग्रजीच लागतात. ‘वर्गणी’, ‘एकूण’, ‘रक्कम’ ही नावे मात्र मराठीत ठेवली तरी पायथनच्या आजच्या आवृत्त्यांना चालतात.)

‘एकूण’ हा चल आहे, म्हणजे नाव लिहिलेला डबा. आतली किंमत बदलते, नाव तेच राहते. चौकटी कंसातली ‘वर्गणी’ ही यादी. ‘फॉर’ हे आवर्तन. ते यादीतली एकेक रक्कम उचलते आणि खालची ओळ दर वेळी पुन्हा करते. डबा ० पासून सुरू होतो, मग ५०१, ७५२, १२५२ आणि शेवटी २२५३. पावतीपुस्तक घेऊन बसलेला खजिनदार हेच करतो.

‘एकूण = एकूण + रक्कम’ या ओळीपाशी बहुतेक नवशिके अडखळतात. गणिताच्या तासाला शिकलेला ‘बरोबर’ येथे लागू नाही. पायथनमधले एकेरी बरोबर चिन्ह म्हणजे ‘उजवीकडे जे उत्तर येईल ते डावीकडच्या डब्यात ठेव’ अशी आज्ञा असते. एवढे समजले की अर्धी भीती जाते.

चौथी ओळ आत सरकवलेली दिसते. ती जागा शोभेची नसते. कोणती ओळ आवर्तनात आहे आणि कोणती बाहेर, हे पायथन त्या मोकळ्या जागेवरूनच ओळखते. शेवटची ‘प्रिंट’ची ओळही आत सरकवली तर एकाऐवजी चार उत्तरे दिसतील. ‘एकूण = ०’ ही ओळ आवर्तनाच्या आत पहिलीच टाकली तर डबा दर वेळी रिकामा होईल आणि उत्तर फक्त १००१ येईल. असे का होते, हे कागदावर करून पाहा. पायथनचा पहिला खरा धडा हाच.

अट आणि फंक्शन कशासाठी?

समजा, मंडळाने ठरवले की ५०० किंवा त्याहून जास्त वर्गणी देणाऱ्यांची नावे अहवालात छापायची. मग आवर्तनाच्या आत अट घालावी लागेल : ‘इफ रक्कम >= ५००’. ‘इफ’ म्हणजे ‘जर’. अट खरी ठरली तरच पुढची सूचना पाळली जाते.

हाच हिशेब दर वर्षी, प्रत्येक गल्लीसाठी करायचा असेल तर तो पुन्हा पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. त्या ओळी एका नावाखाली बांधून ठेवायच्या आणि हवे तेव्हा त्या नावाने हाक मारायची. हे झाले फंक्शन. मोठमोठी सॉफ्टवेअर याच पाच गोष्टींच्या पायावर उभी असतात.

नवशिक्यांकडून चुका कुठे होतात?

चुका दोन प्रकारच्या असतात. पहिली बोलणारी. फोनचा कीबोर्ड ओळीचे पहिले अक्षर आपोआप कॅपिटल करतो आणि ‘प्रिंट’ हा शब्द पायथनला ओळखू येत नाही. कुठे अपूर्णविराम राहतो, कुठे कंस बंद होत नाही. अशा वेळी लाल अक्षरांत संदेश येतो. तो पाहून अनेक जण फोन खाली ठेवतात. खरे तर तो संदेश मदतच करतो. त्यात ओळ क्रमांक असतो, शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो. घाबरण्याऐवजी तो शेवटून वाचायची सवय लावावी.

दुसरी चूक गप्प बसणारी, आणि ती अधिक धोकादायक. फोनवर विचारून दोन रकमा घेतल्या, ५०१ आणि २५१. बेरीज केली. उत्तर आले ५०१२५१! कारण वापरकर्त्याने टाइप केलेले काहीही पायथन आधी मजकूर मानते आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणी. त्याचे आधी संख्येत रूपांतर करावे लागते. येथे निदान पाच लाखांचा आकडा पाहून शंका तरी येते.

पण वरच्या अटीत ‘५०० किंवा जास्त’ऐवजी चुकून ‘५०० पेक्षा जास्त’ लिहिले गेले तर? लाल अक्षरे दिसणार नाहीत. प्रोग्राम सुरळीत चालेल. अहवालात तीनऐवजी दोनच नावे छापली जातील आणि नेमके ५०० रुपये देणारा माणूस वगळला जाईल. अहवाल वाटल्यावर त्याचा रुसवा काढायला कार्यकर्त्यांना त्याच्या दारात जावे लागेल. मंडळाच्या अहवालात हे निभावून जाते. शिष्यवृत्तीची यादी, पीक विम्याचे निकष, दवाखान्यातला औषधाचा डोस यांत तेच एक चिन्ह चुकले तर माणसाचे नुकसान होते.

एआय लिहिते, मग शिकायचे कशाला?

याचे उत्तर वरच्या चुकीतच आहे. वर्गणीचा हा प्रोग्राम एआय काही सेकंदांत लिहून देईल, आणि बहुधा बरोबरच लिहील. पण ५०० रुपयेवाल्याचे नाव यायला हवे की नको, हे मंडळाच्या बैठकीत ठरते. एआय त्या बैठकीला नसते. आपण सूचना मोघम दिली तर ते अंदाज बांधते, आणि अंदाज चुकला तरी तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देते. लिहिलेल्या पाच ओळी वाचून ‘येथे चिन्ह चुकले आहे’ असे म्हणता येणारा माणूस लागतोच. कॅल्क्युलेटर आला म्हणून पाढे निरुपयोगी झाले नाहीत. उत्तर खुळचट आले आहे हे पाढे येणाऱ्यालाच पटकन कळते.

म्हणूनच मूलतत्त्वांची किंमत कमी झालेली नाही. कमी झाली आहे ती पाठांतराची आणि नुसत्या प्रमाणपत्राची. नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या कोर्सकडे पालकांनी या नजरेने पाहावे. मुलाला पायथन येते का हे तपासायचे असेल तर प्रमाणपत्र मागू नका. वरच्या पाच ओळी कागदावर द्या आणि प्रत्येक टप्प्यावर डब्यात किती रक्कम आहे ते विचारा. सांगता आले तर पाया पक्का आहे.

फोनवर, मराठीतून सुरुवात होईल का?

होईल. गुगल कोलॅब फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते, वेगळे काही बसवावे लागत नाही. अँड्रॉइडवर पायथन चालवणारी अॅपही आहेत. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत धडे मिळतात. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ मंचावरचे अभ्यासक्रमही विनाशुल्क पाहता येतात. परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरावे लागते. इंग्रजी कच्चे आहे म्हणून मागे हटू नये. सुरुवातीला लागणारे इंग्रजी शब्द दोन-तीन डझनांहून अधिक नाहीत. विचार मराठीत केला तरी प्रोग्राम तेच उत्तर देतो.

मात्र फोनची मर्यादाही ओळखावी. पहिले दोन-तीन आठवडे तो पुरेल, पुढे कीबोर्ड आणि मोठा पडदा लागतो. प्रत्येक घरात लॅपटॉप येणार नाही. मंडळे उत्सवावर खर्च करतात, काही मंडळे अभ्यासिकाही चालवतात. तिथे दोन जुने संगणक आणि आठवड्यातून एक संध्याकाळ शिकवणारा कॉलेजचा विद्यार्थी एवढी सोय झाली, तरी पेठेतल्या कित्येक मुलांचा फीचा प्रश्न सुटेल. शाळा-महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा सुट्टीत कुलूपबंद राहण्याऐवजी उघड्या ठेवता येतील का, याचाही विचार व्हावा.

तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी डाव शिकवत नाहीत. आधी जोर-बैठका, मग माती, मग डाव. पायथनमध्ये त्या जोर-बैठका म्हणजे चल, यादी, अट, आवर्तन आणि फंक्शन. रोज अर्धा तास, एक छोटा हिशेब, एक चूक स्वतः शोधायची. यंदा मंडळाची वर्गणी जमा झाली की पावतीपुस्तकाशेजारी फोन ठेवा आणि दोन्हींची बेरीज जुळते का ते पाहा. जुळली नाही तर आणखी बरे. नेमके कुठे चुकले, हे शोधता-शोधताच पायथन येऊ लागते.