हस्तलिखिताला दाखल क्रमांक द्या

शाळेचं हस्तलिखित हे पुस्तकच आहे आणि त्याला पुस्तकाचा मान मिळालाच पाहिजे. छापील पुस्तकाची एक प्रत हरवली तर दुसरी मिळते, हस्तलिखिताची प्रतच मुळात एक. तरी त्याच्या नशिबी काय येतं? २६ जानेवारीला पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन, टाळ्या, फोटो. मग ते कार्यालयातल्या कपाटावर चढतं आणि पुढे कधीतरी रंगकाम निघालं की जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात किलोवर जातं.

मी कोरीटचा, मिरची-कापसाची शेती करणारा माणूस. घरातलं एक लोखंडी कपाट मी अशा अंकांसाठी ठेवलंय. काही शिक्षकांनी आपण होऊन आणून दिले, बरेचसे नंदुरबारला रद्दीवाल्यांकडून सोडवून आणले.

त्यातला एक अंक मला फार प्रिय आहे. मुखपृष्ठ ड्रॉइंग पेपरचं, पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवलेलं. त्यावर पोरांनी मिरचीची पथारी रंगवलीय. लाल रंग मध्येच संपला असावा, कारण उजव्या कोपऱ्यातल्या मिरच्या कुंकवानं भरल्यात. बोट फिरवलं तर अजून लाल होतं. आत आठवीतल्या एका मुलीनं आजीची गोष्ट भिलोरीत लिहिलीय. गुरुजींनी वरती लाल शाईनं प्रमाण मराठी शब्द घातलेत, पण खालच्या शब्दांवर रेघ इतकी हलकी मारलीय की दोन्ही वाचता येतात. हे पान छापायला दिलं असतं तर आजीचे शब्द गेलेच असते.

हस्तलिखितांत उतरवून काढलेले सुविचार आणि विनोदही भरपूर असतात, हे खरं. म्हणून काय झालं? पन्नास पानांत अशी दोन पानं निघाली तरी तो अंक जपायलाच हवा. भिलोरी, पावरी, मावची बोलणाऱ्या किती घरांतली गोष्ट दुसरीकडे कुठे कागदावर उतरलेली असते?

आपल्या खानदेशाला तर हे नव्यानं सांगायला नको. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरला शिक्षक म्हणून आले आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ काढू लागले. ते हातानं लिहिलेलं दैनिक होतं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं टिपून घेणारे हातही त्यांचेच. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मिळवली, ती आज समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. इतिहाससंशोधक राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव हिंडले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळही धुळ्यातच. दप्तरं, बाडं, पोथ्या जपणारा हा मुलूख पोरांच्या हस्तलिखितांना मात्र रद्दी समजतो, हे मला सहन होत नाही.

हातानं काढलेल्या मोजक्या प्रतींचं मोल बाहेर मात्र कळतं. मुंबईत १९५४ च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ही तरुण मंडळी सायक्लोस्टाइलवर ‘शब्द’ काढत होती. प्रती मोजक्याच. मराठी कवितेचा अभ्यास करणारे आज ते अंक शोधत फिरतात. चेन्नईच्या तारा बुक्सनं भज्जू श्याम, दुर्गाबाई, रामसिंह उर्वेती या गोंड चित्रकारांचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हातानं बनवलेल्या काळ्या कागदावर, हातानंच स्क्रीन प्रिंटिंग करून काढलं. जगभरचे लोक ते संग्रहासाठी विकत घेतात. आदिवासी हातांच्या पुस्तकाला परदेशात काचेचं कपाट मिळतं. आपल्या आश्रमशाळांतल्या मुलांच्या अंकांना निदान लाकडी फळी तरी मिळावी.

जपायला फारसा खर्च येत नाही. स्टेपलच्या पिना काढून दोऱ्यानं शिवा, पिना गंजल्या की कागद खातात. सेलोटेप अजिबात लावू नका, ती पिवळी पडून अक्षरावर डाग सोडते. अंक मांजरपाटात बांधून ठेवा, पावसाळा संपला की उघडून कसर लागलीय का बघा. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, पण फोटो आहे म्हणून मूळ प्रत टाकू नका. कोपऱ्यातलं कुंकू फोटोत बोटाला लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र एका ओळीचं आहे. शाळेच्या ग्रंथालयाच्या नोंदवहीत हस्तलिखिताला दाखल क्रमांक द्या. क्रमांक नसला की ते नुसता कागद ठरतं, कुणीही उचलून रद्दीत टाकतं. क्रमांक पडला की ते शाळेची मालमत्ता होतं, काढायचं तर रीतसर निर्लेखन करावं लागतं, सही करावी लागते. सही करताना माणूस निदान एकदा उघडून तरी बघतो. मुख्याध्यापकांनो, यंदाच्या २६ जानेवारीला प्रकाशन झालं की पाहुणे चहाला बसलेले असतानाच ही नोंद करून टाका, आणि कपाटावरचे जुने अंकही त्याच दिवशी खाली काढून नोंदवा.