वॉल्टर व्हाइट सगळ्यांना माहीत, गाडीतला क्लीनर कुणालाच नाही

आमच्या हॉस्टेलमध्ये एका खोलीच्या दारावर वॉल्टर व्हाइटचं पोस्टर आहे. काळी टोपी, काळा गॉगल, खाली मोठ्या अक्षरात 'हायझेनबर्ग'. 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकन मालिका २००८ ला सुरू झाली आणि २०१३ ला संपली. पाच सीझन, ६२ भाग. ती संपली तेव्हा आम्ही सगळे शाळेत पाढे म्हणत होतो. तरी आज कलबुर्गीत (आपल्या तोंडात अजून गुलबर्गाच) शिकणाऱ्या भालकी, औराद, बसवकल्याणच्या पोरांना तिचे सीन पाठ आहेत. मालिका भारी आहे, मी पण दोनदा बघितली. पण ती बघून आपण नेमकं काय डोक्यात ठेवलं, यावर मला थोडं बोलायचं आहे. कारण हा विषय आता फक्त न्यू मेक्सिकोचा राहिला नाही, आपल्या रस्त्यावरचा झाला आहे.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वॉल्टर व्हाइट हा शाळेत केमिस्ट्री शिकवणारा मास्तर. कॅन्सर झाल्याचं कळतं, घरच्यांसाठी पैसा ठेवायचा म्हणून तो मेथ नावाचं ड्रग बनवायला लागतो. पुढं त्याची गाठ गस फ्रिंगशी पडते. फ्रिंगची तळलेल्या चिकनची हॉटेलं, समाजात मोठा मान, पोलिसांच्या कार्यक्रमाला देणगी, आणि त्याच हॉटेलांच्या गाड्यांतून मालाची ने-आण. मागं एक जर्मन कंपनी, पलीकडं मेक्सिकोची कार्टेल. शेवटी तर माल थेट युरोपात, चेक प्रजासत्ताकात जायला लागतो. आंतरराष्ट्रीय जाळं म्हणजे काय, कच्चा माल कुठून येतो, पैसा पांढरा कसा होतो, हे सगळं त्यात बारकाईनं दाखवलंय.

आता एक प्रसंग आठवून बघा. चौथ्या सीझनमध्ये लॅब एका लाँड्रीच्या खाली असते. वॉल्टरला साफसफाईचा कंटाळा येतो, म्हणून तो वर कपडे धुणाऱ्या तीन बायकांना पैसे देऊन खाली घेऊन येतो आणि लॅब पुसून घेतो. मालकाला ते कळतं. वॉल्टरला कोण काय करणार? तो तर माल बनवणारा. त्या तीन बायकांना मात्र सरळ बसमध्ये बसवून होंडुरासला परत पाठवलं जातं. त्यांना इंग्रजी येत नाही, आपण काय पुसलं ते माहीत नाही, चूक काय झाली तेही कुणी सांगत नाही. पडद्यावर त्यांची दोन-चार मिनिटं. पुढं ६२ भाग संपले तरी त्यांचं नाव निघत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या सीमाभागात वॉल्टर व्हाइट सापडणं अवघड आहे. त्या तीन बायका मात्र गावोगाव सापडतील.

उदाहरण घरातलंच घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये बेंगळुरूच्या शेषाद्रीपुरम पोलिसांनी कलबुर्गी जिल्ह्यात काळगी तालुक्यातल्या एका तांड्याजवळ मेंढ्यांच्या फार्मवर छापा घातला. जमिनीखाली खड्डा करून १,३०० किलोंहून जास्त गांजा लपवलेला निघाला. माल ओडिशातून आला होता. आणि या सगळ्याचा धागा सुरू कुठून झाला? बेंगळुरूत थोड्या गांजासह पकडलेल्या एका रिक्षावाल्यापासून. म्हणजे ओडिशातलं जंगल, काळगीचा मेंढवाडा आणि बेंगळुरूची रिक्षा, एवढी लांब साखळी. पुढं स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाचीही कारवाई झाली. पण आपल्याकडं चर्चा काय झाली? "तांड्यावर गांजा सापडला." बस्स. खरेदी कुणाच्या पैशानं झाली, गाडी कुणाची, चेकपोस्टवरून पार कशी झाली, हे प्रश्न बाजूला राहिले आणि बदनामी तेवढी अख्ख्या तांड्याच्या वाट्याला आली. तांड्यावरची पोरं शिकायला शहरात खोली शोधतात तेव्हा ही बदनामी काय करते, ते त्यांनाच विचारा.

नकाशा समोर ठेवा म्हणजे कळेल की आपला भाग या साखळीत का येतो. बिदर जिल्ह्याला एका बाजूनं तेलंगणा, दुसऱ्या बाजूनं महाराष्ट्र. हैदराबादहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६५ जहिराबाद, हुमनाबाद, बसवकल्याणजवळून उमरगा, सोलापूर करत पुण्याला जातो. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरातला गांजा पश्चिमेला न्यायचा तर हा सरळ रस्ता. आता याच रस्त्यानं उलटं पुण्याकडून बघत या. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत मेफेड्रोन (एमडी) बनवणारा कारखाना पकडला. पुणे, कुरकुंभ, दिल्ली मिळून हजारो कोटींचा माल निघाला आणि त्याचा धागा लंडनपर्यंत जात असल्याचं पोलिसांनी सांगितलं. कुरकुंभ याच पुणे-सोलापूर रस्त्यावर. त्याच्या आधी ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीत एमडीवर छापे पडले, तेही याच रस्त्यावर. आणि २०२१ ला एनसीबीनं खुद्द बिदरमध्ये अल्प्राझोलमचा बेकायदा कारखाना पकडला. अल्प्राझोलम हे झोपेचं, चिंता कमी करायचं औषध. तेलंगणात ते ताडीत भेसळ करायला वापरतात, हे तिकडं मजुरीला जाणाऱ्या आपल्या माणसांना सांगायला नको.

म्हणजे केमिस्ट्री आली, कारखाना आला, परदेश आला. 'ब्रेकिंग बॅड'मधलं सगळं आलं. फरक एवढाच की इथं कुणी मास्तर बादशहा झाला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तर तुळजापूरचं नाव आलं. तामलवाडीजवळ एमडीच्या पुड्या पकडल्या आणि आरोपींची यादी वाढत वाढत ३० च्या वर गेली. त्यात मंदिराचे काही पुजारीही होते. आपल्या भालकी-बसवकल्याणच्या घराघरात आई भवानीचा कुळाचार आहे, नवरात्रात आपली माणसं चालत तिकडं जातात. त्या गावात पुडी पोचली असेल तर "हे मोठ्या शहरातलं असतं" असं म्हणून आपल्याला मान फिरवता येणार नाही.

आता कायद्याकडं येतो, कारण राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला जास्त काळजी तिथं वाटते. १९८५ चा एनडीपीएस कायदा वजनावर चालतो. गांजा १ किलोपर्यंत असेल तर तो अल्प प्रमाण, २० किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण. एमडीसाठी हेच आकडे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम आहेत. व्यापारी प्रमाण म्हटलं की किमान १० वर्षं सक्तमजुरी, जास्तीत जास्त २० वर्षं, आणि किमान १ लाख दंड. जामीनही सहज नाही. कलम ३७ प्रमाणं आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, अशी कोर्टाची खात्री व्हावी लागते. वरून कलम ३५ आणि ५४ आहेत. माल तुमच्या ताब्यात सापडला तर "मला माहीत नव्हतं" हे तुम्हीच सिद्ध करायचं.

आता विचार करा, या वजनकाट्यावर कोण उभं राहतं? दोन-चार हजारांसाठी गाडीवर गेलेला क्लीनर. भाड्यानं टेम्पो चालवणारा ड्रायव्हर. तुरीच्या पट्ट्यात चार झाडं लावली तर उचल देतो म्हणून कुणी गळ घातलेला कोरडवाहू शेतकरी. गोणी त्यांच्या गाडीत असते, झाड त्यांच्या रानात असतं. ज्याचा पैसा आहे तो मालाला कधी हातही लावत नाही. गस फ्रिंग माल स्वतःच्या खिशात घेऊन फिरतो का? नाही ना? मग फक्त माल जवळ असणाऱ्यालाच पकडून जाळं कसं तुटणार?

आणि यात सीमेचा भाग आहे. जाळं सीमा वापरतं. पिकवायचं एका राज्यात, साठवायचं दुसऱ्यात, विकायचं तिसऱ्यात. कायदा मात्र हद्दीवर येऊन अडखळतो. याची किंमत पोलिसांनीही मोजली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातल्या कमलापूरचे सर्कल इन्स्पेक्टर श्रीमंत इल्लाळ गांजाच्या तपासात थोडी माणसं घेऊन रात्री महाराष्ट्राच्या हद्दीत, उमरगा तालुक्यात गेले. तिथं मोठ्या टोळीनं त्यांच्यावर हल्ला केला. ते गंभीर जखमी झाले, उपचाराला विमानानं बेंगळुरूला न्यावं लागलं. मालिकेत असा प्रसंग आला की मागं संगीत वाजतं. इथं एक अधिकारी मरता मरता वाचला, आणि प्रश्न तसाच राहिला की दोन राज्यांची पोलीस ठाणी एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर असून एकत्र का जात नाहीत?

सामान्य माणसाला ही सीमा आणखी एका जागी आडवी येते, ती म्हणजे भाषा. समजा औराद तालुक्यातला मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला पोरगा पकडला गेला. पंचनामा कन्नडमध्ये, अटकेचा कागद कन्नडमध्ये, सही कर म्हटलं की तो करतो. किंवा उलटं घ्या. अफजलपूरचा कन्नड बोलणारा ड्रायव्हर सोलापूरला पकडला गेला तर तिकडं सगळं मराठीत. त्याचीही तीच गत. दहा वर्षांच्या शिक्षेचा कागद, आणि वाचता येत नाही. मला इथं होंडुरासच्या बसमधल्या त्या बायका आठवतात.

पण एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवायला हवी. ६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि ती अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. अटक करतानाच लेखी देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. गुन्हा कोणताही असो. हा खटला मुंबईतल्या गाडीच्या अपघाताचा होता, पण त्याचा सगळ्यात जास्त उपयोग आपल्यासारख्या दोन भाषांच्या जिल्ह्यांना आहे. तसंच अंगझडती घेण्याआधी "राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागू शकता" हे सांगणं एनडीपीएसच्या कलम ५० प्रमाणं बंधनकारक आहे. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. हे तिन्ही हक्क माहीत असलेली माणसं आपल्या गावात किती असतील?

कुणी म्हणेल, ड्रग्जवाल्यांची बाजू का घेतो? बाजू कुणाचीच घेत नाही. पुडीनं घरं बसलेली बघवत नाहीत म्हणूनच लिहितोय. कायदा कडक असू द्या, पण तो वरपर्यंत चढला पाहिजे. गोणी पकडली की गोणीचा मालक, गाडीचा मालक, पैशाचा मालक, असा तपास झाला पाहिजे. काळगीचं प्रकरण खालून वर गेलं म्हणूनच १,३०० किलो निघाले, नाहीतर एका रिक्षावाल्यावर फाईल बंद झाली असती. आणि जो पोरगा व्यसनात अडकलाय त्याला आरोपी करून सुटका होत नाही. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४ए याच कायद्यात आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. घरात कुणी असेल तर लाज न धरता फोन करा.

मालिका बघायच्या बंद करा, असं मी म्हणणार नाही. बघा, पण हिरोच्या टोपीवरून नजर काढून मागं फरशी पुसणाऱ्या बाईकडंही बघा. आणि येत्या ग्रामसभेत किंवा कॉलेजच्या कार्यक्रमात दोन मागण्या जरूर मांडा. बिदर, कलबुर्गी, धाराशिव, सोलापूर, लातूर या जिल्ह्यांच्या पोलिसांचं या विषयावर कायमचं एकत्र पथक असावं. आणि सीमेवरच्या प्रत्येक ठाण्यात अटकेच्या कारणांचा कागद कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत तयार असावा, लंबाणी बोलणाऱ्याला समजावून सांगणारा माणूस हजर असावा. यात कुठल्या राज्याचा अपमान नाही आणि कुठल्या भाषेचा पराभव नाही. सुट्टीवर गावी गेलात की आधी एवढं करा, गाडीवर जाणाऱ्या आपल्या ओळखीच्या पोराला सांगा की गोणीत काय आहे ते विचारल्याशिवाय गाडीत चढू नको.