दाणे भाजायचे पातेले आणि फिरती मूठ



आपल्या घरात शेंगदाण्याशिवाय महिना जात नाही. बघारे बैंगन असो की मिरचीचे सालन, दाणे, तीळ आणि खोबरे भाजून वाटल्याशिवाय त्याला चव येत नाही. त्याशिवाय चटणी आहे, कूट आहे, थंडीत मुलांच्या हातावर ठेवायचा गूळ-दाणा आहे. उर्दूत आपण त्याला मूंगफली म्हणतो, मराठीत भुईमूग. दोन्ही नावांत मूग आहे आणि ते बरोबरच आहे, कारण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने शेंगदाणा हा मूग-हरभऱ्याच्या कुळातला, बदाम-अक्रोडाच्या नव्हे.

एवढा रोजचा पदार्थ, पण तो भाजायचे साधन नानी-दादीच्या वेळचेच राहिले आहे. कढई आणि उलथणे. पाव किलो दाणे भाजायचे असतील तर त्यात काही अडचण नाही. अडचण येते ती किलोच्या मापाने भाजणाऱ्या घरांत. या महिन्याचे सदर त्या घरांसाठी आहे.

आमच्या शाळेजवळच्या वस्तीत एक खाला दाण्याची चटणी आणि चिक्की करून विकतात. रोज चार किलो दाणे लागतात. त्यांच्या कढईत एका वेळी अर्धा किलोच नीट भाजले जातात, म्हणजे आठ घाणे झाले. एका घाण्याला पंधरा मिनिटे धरा. रोज दोन तास हात सारखा हलता ठेवायचा, थांबला की खालचे दाणे काळे. त्यांची मुलगी आमच्याकडे आठवीत आहे. शाळा सुटली की उलथणे तिच्या हातात येते, कारण तोवर अम्मीचे मनगट दुखू लागलेले असते. तिच्या वह्या अर्ध्या का राहतात याचे उत्तर त्या चुलीपाशी होते. खाला म्हणाल्या, "आम्हाला काय, सवय झाली. पण पोरीचा हात आत्तापासून यात अडकायला नको."

तेव्हा आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे आठवीतली काही मुले-मुली, वस्तीत वेल्डिंगचे दुकान चालवणारे एक चाचा, स्वतः खाला आणि हे सदर लिहिणारे.

पहिले काम वही घेऊन पाहत बसण्याचे. हात नेमके काय करतो? मुलांनी तीन गोष्टी टिपल्या. उलथणे तळाचे दाणे वर आणते. कडेचे दाणे मध्ये आणि मधले कडेला जातात. आणि शेवटच्या चार मिनिटांत हाताचा वेग वाढतो. चौथी गोष्ट हाताची नव्हती, कानाची होती. खाला आवाज ऐकत होत्या. तडतड वाढली की त्या दोन दाणे काढून साल चोळून पाहत आणि एक दाताखाली धरत. साधन करायचे तर त्याने पहिली तीन कामे करावीत आणि चौथ्याला आड येऊ नये, एवढे ठरले.

आता थोडे विज्ञान. वाळलेल्या दाण्यात साधारण 6 ते 8 टक्के पाणी असते. आधी ते पाणी वाफ होऊन जाते, मग दाणा आणखी तापतो आणि त्यातील प्रथिने व साखर यांच्या संयोगातून तांबूस रंग आणि खमंग वास तयार होतो. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. त्यामुळे तो उष्णता धरून ठेवतो आणि गॅस बंद केल्यावरही आतून भाजला जात राहतो. म्हणूनच मुरलेला हात रंग पूर्ण येण्याआधीच कढई उतरवतो आणि दाणे परातीत पसरतो.

दाणा गोलसर आहे. तो भांड्याला एखाद्या ठिपक्याएवढाच टेकतो आणि तेवढ्याच जागी तापतो. भडभुंजे कढईत तापलेली वाळू घालतात ती यासाठीच. वाळू दाण्याला चहूबाजूंनी वेढते आणि उष्णता सगळीकडून सारखी पोहोचते. घरी काहीजणी वाळूऐवजी जाड मीठ वापरतात, तेही चांगले. पण चार किलो दाण्यांसाठी दर घाण्याला मीठ चाळत बसणे हे नवे काम होते, शिवाय मीठ लोखंडाला गंजवते. म्हणून मीठ-वाळू नको, दाणेच सतत फिरते ठेवू, असे ठरले.

फिरवायचे दोन मार्ग आहेत. पहिला आडव्या पिंपाचा. कॉफीच्या बिया अशाच भाजतात. पत्र्याचा गोल डबा आडवा धरून आसाभोवती फिरवायचा. दाणे त्यात फार छान उलटतात. पण घरच्या शेगडीवर त्याला दोन्ही बाजूंनी टेकू लागतो, सगळा डबा बाहेरून तापलेला असतो, आणि जाळीचा केला तर दाण्यांची साल खाली पडून आचेवर पेटते. दुसरा मार्ग उभ्या पातेल्याचा. पातेले जागेवरच राहते, झाकणाच्या मधोमध एक सळई, तिच्या खालच्या टोकाला पाती आणि वरच्या टोकाला मूठ. लहान स्वयंपाकघर, जवळ लेकरे, रोजचा वापर, हे सगळे पाहता आम्ही दुसरा मार्ग घेतला.

मापे अशी. पातेले स्टीलचे, सपाट तळाचे, 24 सेंटीमीटर रुंद आणि 12 सेंटीमीटर उंच. त्यात एक किलो दाणे घातले तर थर साधारण साडेतीन सेंटीमीटरचा होतो. यापेक्षा जाड थर झाला तर वरचे कच्चे राहतात. पातळ स्टीलमध्ये उष्णता पसरत नाही, ज्योतीच्या वर डाग पडतो. त्यावरचा उपाय आपल्या बिर्याणीतच आहे. दम देताना आपण देगचीखाली तवा ठेवतो, तसाच इथेही जुना सपाट लोखंडी तवा खाली ठेवायचा. पहिल्या घाण्याला तवा तापेपर्यंत थोडा वेळ जास्त लागतो, पुढचे घाणे लवकर होतात.

सळई स्टीलची, 8 मिलीमीटर जाडीची. खालचे टोक घासून गोल केलेले, म्हणजे तळ ओरखडत नाही. झाकणाला मधोमध भोक पाडून तिथे चार सेंटीमीटर लांबीचा नळीचा तुकडा उभा जोडायचा. दुकानात त्याला बुश म्हणतात. सळई या नळीतून फिरते. नुसत्या भोकात ती डगमगते आणि भोक मोठे होत जाते. मूठ लाकडाचीच हवी. तुटलेल्या लाटण्याचे टोक उत्तम चालते. मधल्या सळईपासून मूठ 10 ते 12 सेंटीमीटर दूर असली की फिरवायला हलके जाते. झाकण मुठीबरोबर फिरू नये म्हणून कडेला तीन चिमटे लावायचे.

सगळ्यात नाजूक भाग पात्यांचा. पाते आणि तळ यांत किती फट ठेवायची? दाण्यांच्याच बाबतीत फटीचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील माली देशात आहे. चित्रपटांच्या प्रकाशयोजनेत काम केलेले जॉक ब्रँडिस 2001 साली तिथे गेले होते. शेंगा हाताने फोडून बायकांची बोटे सोलवटतात हे त्यांनी पाहिले, आणि पुढे सिमेंट-काँक्रीटचे एक साधे यंत्र तयार केले. बाहेर काँक्रीटचे कवच, आत फिरणारा काँक्रीटचा शंकू आणि दोहोंमध्ये खाली अरुंद होत जाणारी फट. जिथे फट शेंगेच्या मापाची होते तिथे शेंग फुटते आणि दाणा शाबूत खाली येतो. यंत्राची सगळी हिकमत त्या फटीत आहे.

आपल्याला उलटे हवे आहे. दाणा अडकायलाच नको. फट एक-दोन मिलीमीटरची ठेवली तर अख्खा दाणा किंवा त्याची डाळही पात्याखाली शिरत नाही. पाच-सहा मिलीमीटरची ठेवली तर डाळ घुसते, पाते अडते आणि डाळीचा चुरा होऊन तो आधी जळतो. पाती दोन. एक कडेपर्यंत पोहोचणारे, दुसरे आखूड, मधल्या दाण्यांसाठी. दोन्हींची उंची तीन सेंटीमीटर. पाते सरळ उभे ठेवले तर दाणे त्याच्यापुढे नुसते ढकलले जातात, खालचे खालीच राहतात. चाचांनी मुलांना विचारले, "नांगराचा फाळ तिरका का असतो?" शेतकऱ्याच्या घरच्या मुलाने लगेच सांगितले, "खालची माती वर यायला." तसेच पाते तिरके केले. दाणे त्यावरून चढून मागे पडू लागले, अगदी उलथण्यासारखे.

शेवटी, कानासाठी आणि डोळ्यांसाठी झाकणाला दोन बोटे रुंद खिडकी ठेवली, तिच्यावर सरकती पट्टी. तिच्यातून वाफ जाते, आवाज येतो आणि लांब चमच्याने चार दाणे काढून पाहता येतात. ही खिडकी कधीही पूर्ण बंद करायची नाही. वाफ कोंडली तर दाणे भाजण्याऐवजी शिजल्यासारखे मऊ होतात.

वापरताना मध्यम आच ठेवा. दोन सेकंदांत एक फेरा पुरेसा आहे, घाई नको. तडतड सुरू झाली की आच कमी करा आणि फेरे वाढवा. दाणा दोन भाग करून आतून पाहा. आत फिकट बदामी रंग दिसला की लगेच परातीत काढा, उरलेले काम आतली उष्णता करते. दर घाण्यानंतर पातेल्यातील साल पुसून काढा, नाही तर ती पुढच्या घाण्यात जळून कडवट वास देते.

तीन इशारे. पहिला: पत्रा किंवा नळी जस्ताचा मुलामा दिलेली घेऊ नका. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळते आणि ज्योतीला लागणारा पत्रा तेवढा तापू शकतो. रंगाचे, रसायनाचे जुने डबेही नकोत. दुसरा: फिरत्या मुठीजवळ ओढणी, दुपट्टा, सैल बाही खोचून घ्या. तिसरा भाजण्याआधीचा आहे. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून टाका. ओल लागलेल्या दाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. जी घरे विकण्यासाठी पदार्थ करतात त्यांच्यावर ही जबाबदारी दुप्पट आहे. खराब दाणे कुटात घालून खपवणे हलाल कमाईत बसत नाही.

आता हिशेब. खालांच्या घरी एक किलोच्या घाण्याला वीस-बावीस मिनिटे लागतात. चार घाण्यांचे दीड तासाच्या आत आटोपते. वाचला तो वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा, फार मोठा नाही. पण मूठ उजव्या हाताने फिरवता येते तशी डाव्यानेही येते. मनगट वाकवावे लागत नाही, काम खांद्या-कोपरावर येते. वाफ आणि साल तोंडावर उडत नाही. म्हणून खाला चारही घाणे सलग स्वतःच काढतात. मुलीच्या वाट्याला दाणे पाखडून साल काढण्याचे दहा मिनिटांचे काम राहिले आहे. गणिताची वही आता पूर्ण येते, उर्दूचे हस्ताक्षर मात्र अजून सुधारायचे आहे.

पैशाचे सांगायचे तर पातेले, तवा आणि लाटणे घरचेच होते. खर्च आला तो सळई, पाती आणि मजुरीचा. तुमच्या गावातील वेल्डिंगवाल्याला ही मापे वाचून दाखवा आणि मजुरी आधी ठरवा. पातेले लहान-मोठे असेल तर बाकी मापे त्या प्रमाणात बदला, फट मात्र तेवढीच ठेवा.

मुलांसाठी एक काम देऊन थांबतो. घरात कोणते काम रोज एकाच हाताने, एकसारखे, पाऊण तासापेक्षा जास्त चालते ते शोधा. लसूण सोलणे असेल, पापड लाटणे असेल, पाणी भरणे असेल. घड्याळ लावून वेळ लिहा, हात काय-काय करतो ते लिहा, आणि ते काम करणाऱ्या अम्मीला, दादीला किंवा अब्बांना विचारा की यात सगळ्यात जास्त काय दुखते. ते पान आम्हाला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. त्यातले एक काम घेऊन पुढच्या वेळी बसू, इन्शाअल्लाह.