राजा उतरला, पण...

स्वतंत्र भारताची पहिली नोट 1949 साली निघाली, ती एक रुपयाची. संविधान अमलात यायचे होते. कायद्याने सहावा जॉर्जच अद्याप देशाचा राजा होता. तरीही नोटेवरून त्याला उतरविण्यात आले. त्याच्या जागी गांधीजींचे चित्र घालावे, असा प्रथम विचार झाला. अखेरीस सारनाथचे सिंह पसंत ठरले. निर्णय योग्यच होता. प्रजेच्या चलनावर व्यक्तीची छबी नसावी, मग ती महात्म्याची का असेना. (1996 नंतर हा विवेक आपण सोडला, ते असो.)

हा निर्णय ज्या मंत्रिमंडळाच्या काळात झाला, त्यातील नेहरू, पटेल आणि आझाद 1942 च्या ऑगस्टपासून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात बंदिवान होते. त्यांच्यासोबत आचार्य नरेंद्र देवही होते. परंतु नोट निघाली तेव्हा आचार्य विरोधी पक्षात होते. समाजवाद्यांनी मार्च 1948 मध्ये नाशिकच्या अधिवेशनात काँग्रेस सोडली होती. नोटाही नाशिकरोडलाच छापल्या जात. ज्या छापखान्यातून राजाची छबी निघे, त्यातूनच 1948 साली पाकिस्तानचे नाव उमटविलेल्या नोटा निघाल्या, आणि त्यातूनच पुढे हे सिंह.

मग बदलले काय? हा प्रश्न दहा हजारांच्या नोटेला विचारावा. काळ्या पैशाला आळा घालण्यासाठी परक्या सरकारने 1946 साली हजाराच्या आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या होत्या. 1954 साली स्वकीय सरकारने त्या परत आणल्या, वर पाच हजारांची भर घातली! त्या कोणासाठी होत्या? पाथर्डी-शेवगावहून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबासाठी नव्हेत. 1972 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात खडी फोडणाऱ्या बाईसाठी तर नव्हेतच. त्या रद्द व्हायला जानेवारी 1978 उजाडावा लागला, जनता सरकार यावे लागले.

रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर धारकाला पैसे देण्याचे वचन असते. एक रुपयाची नोट सरकारची, नाण्याच्याच दर्जाची. तिच्यावर असे वचन नाही. गरिबाच्या हाती अधिक खेळली ती हीच नोट. ग्रामीण महाराष्ट्रातील कष्टकऱ्याला काम देण्याचे वचन कायद्यात उतरले ते 26 जानेवारी 1979 रोजी, रोजगार हमी कायदा लागू झाला तेव्हा. आणि त्यानंतरही केलेल्या कामाची मजुरी वेळेवर मिळावी म्हणून मजुरांना तहसील कचेरीवर मोर्चे न्यावे लागले.